रोजच्या बोलण्याचा अभ्यास: रेकॉर्डिंग, उतारा आणि पुढची पाळी

‘भाजीवाल्याशी तुम्ही भाव कसा करता?’ असं विचारलं की माणूस जे सांगतो आणि तोच माणूस पाटीसमोर उभा राहून जे बोलतो, त्यांत बरंच अंतर असतं. तो खोटं सांगत नसतो. आपण कुठे थांबलो, कुठे श्वास घेतला, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी कधी बोलायला लागलो, हे बोलणाऱ्याच्या लक्षातच राहत नाही. म्हणून या अभ्यासात प्रश्नावली उपयोगाची नाही, आठवून लिहिलेला संवाद नाही आणि मालिकेतला संवाद तर मुळीच नाही. खरोखर घडलेलं, रेकॉर्ड केलेलं आणि हवं तितक्या वेळा मागे घेऊन ऐकता येईल असं बोलणं लागतं.

ही पद्धत १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात उभी राहिली. हार्वे सॅक्स यांना लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची रेकॉर्डिंग्ज अभ्यासायला मिळाली आणि तिथून सुरुवात झाली. १९७४ साली सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा लेख ‘लँग्वेज’ या नियतकालिकात आला. गप्पांना कोणी सूत्रसंचालक नसतो, तरी बहुतेक वेळ एकच जण बोलतो आणि बोलण्याची पाळी बदलताना फट अगदी छोटी राहते. हे जमतं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. उतारा लिहिण्याच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवण्याच्या, ज्या खुणा आज जगभर वापरतात त्या जेफरसन यांच्या.

मराठीच्या बोलींची नोंद त्याही आधीपासून आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा. पण त्यातला ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं बोलीबोलीतलं भाषांतर. एकाने सांगितलेली गोष्ट. त्यात व्याकरण सापडतं, दोघांचं बोलणं सापडत नाही. म्हणजे मराठी गप्पांवर करण्यासारखं काम भरपूर पडलंय.

कुठे रेकॉर्ड करायचं

पहिलं रेकॉर्डिंग घरचं घ्या. दुपारी चारचा चहा, दोन बहिणींचं भाजी निवडणं, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसणारी तीन-चार मंडळी. एका जागी बसलेली, एकमेकांना ओळखणारी आणि चारपेक्षा जास्त नसलेली माणसं निवडा. पाचवा माणूस आला की एका गप्पेच्या दोन गप्पा होतात आणि एका माईकवर दोन्ही उतरवणं जवळजवळ अशक्य होतं.

नाशिकमध्ये मोह पडेल अशा जागा पुष्कळ आहेत आणि नवख्याने त्यातल्या बऱ्याचशा टाळलेल्या बऱ्या. रविवारी सकाळचं मिसळीचं दुकान ऐकायला झकास, पण रेकॉर्डिंगमध्ये स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट तेवढा राहतो. रामकुंडावर घंटा, लाउडस्पीकर आणि संमती घ्यायला हाती न लागणारे शेकडो यात्रेकरू. लासलगावचा कांद्याचा लिलाव अभ्यासाला फार समृद्ध आहे, पण अख्खा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्या ट्रॅक्टरकडे सरकत असतो. तिथे तीन-चार माईक आणि अनुभवी माणसं लागतात. बाजारच हवा असेल तर गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार घ्या, तोही सकाळी लवकर आणि कडेच्या पाटीवर, रस्त्याला लागून नको. ओझरच्या बाजूला विमानं आणि देवळालीकडे तोफांचा सराव, यांचा अंदाज आधी घेऊन ठेवा.

जिल्ह्याच्या उत्तरेला सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या भागात घरात अहिराणी चालते, सुरगाणा-पेठकडे कोकणी. (समुद्रकाठची कोकणी ती वेगळी.) तिथली माणसं पाहुण्याशी बोलताना मराठीवर येतात. तुम्ही समोर बसून राहिलात तर तुमच्याशी बोललेली मराठी तेवढी मिळेल. ‘आहे’ची जागा ‘शे’ कधी घेतो, कोणासमोर घेतो, हे पाहायचं असेल तर रेकॉर्डर घरच्यांच्या हाती द्या, चालू-बंद कसा करायचा ते दाखवा आणि तिथून निघा. उतारा लिहिणारा मात्र ती बोली लहानपणापासून बोलणाराच हवा. शिकून आलेला माणूस ऐकू न आलेला शब्द मनाने भरतो, आणि तो नेमका प्रमाण मराठीतला भरतो.

सुरुवातीची आठ-दहा मिनिटं लोक यंत्राबद्दलच बोलतात. तो भाग फेकू नका, पण विश्लेषण तिथून सुरू करू नका. पहिल्या अभ्यासाला अर्ध्या ते पाऊण तासाची तीन रेकॉर्डिंग्ज पुरतात. वीस तासांचा साठा करून ठेवणाऱ्यांचा उतारा बहुधा दुसऱ्या तासाच्या पुढे जात नाही.

यंत्र आणि त्याची मांडणी

साधा फोन चालतो, फक्त त्यातली ‘हुशारी’ बंद करता आली पाहिजे. फोन आवाज दाबून आकार लहान करतो, तेव्हा मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज आधी टाकून देतो. आणि एकाच्या बोलण्याखाली दुसऱ्याने हळूच केलेला ‘हं’ हाच आपला माल असतो. म्हणून फाइल ‘वेव्ह’मध्ये (.wav) घ्या: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. एका चॅनेलला मिनिटाला साधारण ५.८ एमबी, तासाला ३४५ एमबी जागा लागते, स्टिरिओला दुप्पट. स्टिरिओ घेतलेलं चांगलं, डावी-उजवीकडून आलेले आवाज ओळखायला मदत होते.

आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय आणि गोंगाट कमी करणारी सोय, दोन्ही बंद ठेवा. पहिली सोय शांततेत आवाज वाढवते आणि मोठ्याने बोललं की उतरवते. मग कोण खरंच हळू बोललं ते कळत नाही. दुसरी सोय श्वास खाते. वेगळा रेकॉर्डर असेल तर पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठं हसणंही शून्य डेसिबलला टेकणार नाही. नेहमीचं बोलणं उणे १२ च्या आसपास राहिलं म्हणजे झालं.

यंत्र तोंडापासून अर्ध्या ते एक मीटरवर ठेवा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो, पंख्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. टेबल काचेचं किंवा पत्र्याचं असेल तर खाली घडी घातलेला नॅपकिन घाला, नाहीतर कप ठेवल्याचा ठोका गोळी सुटल्यासारखा येतो. फोन विमान मोडवर. बाजारात विक्रेतीच्या तराजूच्या बाजूला, पण ज्या हाताने ती माल टाकते त्याच्या दुसऱ्या बाजूला.

शक्य असेल तिथे व्हिडिओ घ्याच. आपल्याकडे निम्मी उत्तरं मानेने दिली जातात. केवळ आवाज ऐकून तुम्ही ‘०.८ सेकंद कोणीच बोललं नाही’ असं लिहाल आणि त्याच वेळात समोरच्याने मान हलवून होकार देऊन टाकलेला असेल. कॅमेरा कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर, सगळ्यांचे चेहरे आणि हात चौकटीत येतील असा लावा, खिडकीकडे तोंड करून नको. सुरुवातीला एक टाळी वाजवा. आवाजाची आणि चित्राची फाइल जुळवायला तिचाच आधार मिळतो.

संमती

लपवून रेकॉर्डिंग करायचं नाही. ‘सांगितलं तर नैसर्गिक बोलणार नाहीत’ ही सबब जुनी आहे आणि चुकीची आहे. दहा मिनिटांत लोकांना यंत्राचा विसर पडतो.

संमतीपत्र एका पानाचं आणि घरगुती मराठीत असावं. काय रेकॉर्ड होणार, कोण ऐकणार, किती दिवस ठेवणार, वर्गात किंवा परिषदेत तुकडा ऐकवणार का, हे वेगवेगळे प्रश्न करून प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा चौकटी ठेवा. पुष्कळांची उताऱ्याला हरकत नसते, आवाज ऐकवायला असते. वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवा आणि त्यांचा होकार रेकॉर्ड करा. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती घ्या आणि मुलालाही विचारा. बोलणं झाल्यावर परत एकदा विचारायचं: ‘यातलं काही काढून टाकू का?’ सासूबद्दल, पगाराबद्दल, शेजाऱ्याच्या मुलीबद्दल काय बोललं गेलं ते बोलणाऱ्याला तेव्हा आठवतं.

उताऱ्यात नावं बदला, पण अक्षरांची संख्या आणि घडण तीच ठेवा: ‘सुनंदा’च्या जागी ‘सुलभा’ चालेल, ‘उषा’ नाही. नाव लांबवून हाक मारली असेल तर ते लांबवणं नव्या नावावरही बसलं पाहिजे. ‘काकू’, ‘अण्णा’, ‘भाऊ’, ‘वहिनी’ यांना मात्र हात लावू नका. कोण कोणाला काय म्हणतं हा अभ्यासाचाच भाग आहे.

उतारा

खरं काम हेच, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. तपशीलवार उताऱ्याला एका मिनिटाच्या बोलण्यामागे सुमारे तासभर जातो. म्हणून दोन टप्पे करा. आधी अख्खं रेकॉर्डिंग ऐकत दर मिनिटाला एका ओळीत काय चाललंय ते टिपा: ‘१२:४०, चहा नको म्हणते, तिसऱ्यांदा विचारल्यावर घेते.’ मग त्यातले दोन-तीन मिनिटांचे तुकडे निवडून तेवढेच बारकाईने उतरवा.

आपोआप लिहून देणाऱ्या ॲपचा उपयोग विषय शोधण्यापुरताच. ते ‘अं’ गाळतं, अर्धवट तुटलेला शब्द पूर्ण करतं, दोघं एकदम बोलले तर एकालाच ऐकतं. म्हणजे नेमकं हवं ते काढून टाकतं. शिवाय ते वापरताना कोणाच्या घरातलं बोलणं कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जातं, आणि तशी परवानगी तुम्ही घेतलेली नसते.

साधनं फुकट मिळतात. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचं ‘ईलॅन’ वापरलं तर प्रत्येक बोलणाऱ्याची वेगळी पट्टी करता येते आणि देवनागरी नीट दिसते. सूर आणि शांतता मोजायला ‘प्रात’, अ‍ॅमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं. त्यात पुरुषी आवाजाला ७५ ते ३०० हर्ट्झ आणि बायकी आवाजाला १०० ते ५०० हर्ट्झ अशी सुराची मर्यादा घातली नाही तर आलेख मध्येच दुप्पट उडी मारतो आणि नसलेला चढ दिसायला लागतो.

खुणा थोड्याच पुरतात. शांतता कंसात सेकंदांत: (०.६). अगदी क्षणभराची, ०.२ पेक्षा कमी, ती (.). दोघं एकदम बोलले की दोघांच्याही ओळीत चौकोनी कंस उघडायचा. फट न ठेवता लगेच जोडून आलं तर =. लांबवलेला स्वर अपूर्णविरामाने. हळू बोललेलं °असं°, घाईने बोललेलं >असं<. आत घेतलेला श्वास .ह्ह, सोडलेला ह्ह. नीट ऐकू न आलेलं रिकाम्या कंसात; तिथे अंदाजाने शब्द भरू नका.

पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह इथे व्याकरणाचे नसतात, सुराचे असतात. सूर खाली उतरला की पूर्णविराम, वर गेला की प्रश्नचिन्ह, किंचित वर राहिला की स्वल्पविराम. ‘जेवलास का’ हा प्रश्न उतरत्या सुरात आला तर पुढे पूर्णविरामच. शाळेत शिकलेली सवय मोडायला आठवडाभर लागतो.

देवनागरीच्या काही खास अडचणी आहेत आणि परदेशी हस्तपुस्तिकांत त्या सापडत नाहीत. लांबवण्याची खूण म्हणून अपूर्णविराम टाइप करताना हमखास विसर्ग पडतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेताना मात्र निम्मी उदाहरणं हाती लागत नाहीत. ‘करणाऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, तेव्हा गटाने एकच कीबोर्ड ठरवा. चौकोनी कंस एकाखाली एक आणण्यासाठी स्पेस मारत बसू नका, देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने दुसऱ्या संगणकावर सगळं सरकतं. एकाच ठिकाणी जुळणाऱ्या कंसांना [१ असे आकडे द्या.

शुद्धलेखनाचं काय? ‘घेतलं’ ऐकू आलं तर ‘घेतलं’च लिहा. ‘घेतले’ केलंत की एक वस्तू घेतली की अनेक, हेच कळेनासं होतं. ‘नाही’, ‘नाय’, ‘न्हाई’ हे जसे आले तसे ठेवा, कारण एकच माणूस एकाच गप्पेत तिन्ही वापरतो आणि कुठे काय वापरतो ते पाहण्यासारखं असतं. पण सगळेच ‘म्हणजे’ म्हणताना ण गिळतात, म्हणून फक्त खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ‘म्हंजे’ लिहायचं आणि प्राध्यापकाच्या तोंडी ‘म्हणजे’, हा लबाडपणा झाला. एक यादी करा, ती सगळ्यांना सारखी लावा.

एक तुकडा जवळून

खालचा नमुना खुणा कशा बसतात हे दाखवायला रचलेला आहे. रचलेल्या संवादावरून निष्कर्ष काढायचे नसतात; इथे फक्त नजर कुठे ठेवायची ते पाहा.

१ गिऱ्हाईक: मेथी कशी दिली मावशी.
२ विक्रेती: वीसला जुडी.
३ (०.८)
४ विक्रेती: ताजी आहे ताई, सकाळचीच.
५ (०.४)
६ गिऱ्हाईक: .ह्ह दोन घेतल्या [१ तर:,
७ विक्रेती: [१ पस्तीसला दोन. घ्या.
८ गिऱ्हाईक: °द्या.°

नवखा माणूस ओळ ३ सोडून देतो, ‘तिथे काही नाही’ म्हणून. तिथेच सगळं आहे. भाव सांगितल्यावर बोलायची पाळी गिऱ्हाइकाची होती, म्हणजे ती शांतता गिऱ्हाइकाची. तिच्या मनात काय होतं ते आपल्याला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. विक्रेतीने त्या शांततेचं काय केलं ते बघायचं. तिने भाव पुन्हा सांगितला नाही. म्हणजे ‘ऐकू आलं नसावं’ असं तिने धरलं नाही. तिने मालाची बाजू मांडली. याचा अर्थ तिने ०.८ सेकंदांची शांतता ‘महाग वाटतंय’ अशी ऐकली. पुरावा ओळ ४ मध्ये आहे, आपल्या कल्पनेत नाही.

ओळ ६ मध्ये गिऱ्हाइकाने भाव कमी करा असं म्हटलेलंच नाही. ‘दोन घेतल्या तर’ एवढंच, तेही श्वास घेऊन आणि ‘तर’ लांबवून. विक्रेती ‘तर’ सुरू होतानाच शिरते आणि राहिलेला अर्धा भाग स्वतः भरते. ही कोणी कोणाला तोडल्याची जागा नाही. वाक्य कुठे चाललंय हे तिला ‘घेतल्या’पाशीच कळलं होतं. बोलण्यावर बोलणं दिसलं की ‘उद्धटपणा’ असा शेरा मारणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. आधी शब्दाच्या कितव्या अक्षरावर दुसरा शिरला ते बघा. ‘येणारेस ना’मधल्या ‘ना’वर शिरणं आणि ‘येणा-’वर शिरणं यांत फार फरक आहे. पहिल्यात वाक्याचं काम झालेलंच असतं.

सारी पद्धत या एका सवयीवर उभी आहे: बोललेल्याचा अर्थ आपण ठरवायचा नाही, पुढच्या पाळीत समोरच्याने तो काय ठरवला ते वाचायचं.

शांतता मोजताना

आधीच्या बोलण्याचा आवाज थांबतो तिथून पुढचा ऐकू येणारा आवाज सुरू होतो तिथपर्यंत मोजा. श्वास हा आवाज आहे. तो वेगळा लिहा, शांततेत मिसळू नका. पुढचा शब्द प, त, क अशा व्यंजनाने सुरू होत असेल तर ओठ किंवा जीभ मिटलेली असतानाचा क्षणही शांततेतच मोजला जातो, म्हणून ०.१ सेकंदापेक्षा बारीक फरकावर वाद घालू नये.

तुलनेला एक आकडा हाताशी असू द्या. २००९ साली दहा भाषांमधल्या हो-नाही प्रश्नांच्या उत्तरांची तुलना प्रसिद्ध झाली. उत्तर येईपर्यंतचा सरासरी वेळ सुमारे ०.२ सेकंद निघाला. जपानीत जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये ०.४७ च्या आसपास. त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती. तेव्हा हा आकडा मराठीला आहे तसा चिकटवू नका, मोजा. आणि मोजताना होकार आणि नकार वेगळे काढा. ‘येतेस का उद्या?’ला ‘हो’ झटकन येतं. ‘नाही’ सहसा उशिरा, ‘अं’ घेऊन, ‘अगं उद्या ना’ अशी वळणं घेत, कारण सांगत येतं आणि कित्येकदा ‘नाही’ हा शब्द शेवटपर्यंत येतच नाही. अनेक भाषांत हे दिसलंय. सरासरी एकत्र काढली की हा फरक पुसला जातो.

उदाहरणांचा संग्रह

एका तुकड्यावरून कुतूहल जागं होतं, सिद्ध काही होत नाही. एक घटना निवडा आणि तिची वीस-तीस उदाहरणं गोळा करा. नवख्याला दुरुस्तीच्या जागा सोप्या पडतात: ‘आँ?’, ‘काय?’, ‘कोण?’, ‘म्हणजे?’ असं विचारून जिथे मागचं परत मागितलं जातं. ऐकताच सापडतात. ‘आँ?’ला उत्तर म्हणून आख्खं वाक्य परत येतं का, की त्यातला एखादा शब्द बदलून? ‘कोण?’ला फक्त नाव येतं का? आणि भाव सांगितल्यावर आलेल्या ‘आँ?’ला विक्रेता भाव परत सांगतो, की उतरवतो? उतरवला, तर त्याच्या लेखी तो ‘ऐकू आलं नाही’ नव्हताच.

फोनवरचा निरोपही चांगला विषय आहे. ‘बरं मग’, ‘चल’, ‘हां’, ‘ठेवू?’, ‘ठेव’ ही उतरंड कोण सुरू करतं, मध्येच ‘अगं हो, एक राहिलंच’ आलं की किती पायऱ्या मागे जावं लागतं, हे सगळं उताऱ्यात स्वच्छ दिसतं. इथे संमती दोन्ही टोकांची हवी.

तक्ता साधा ठेवा: फाइलचं नाव, वेळ, आधीची ओळ, ती ओळ, पुढची ओळ, शेरा. ‘पुढची ओळ’ हा रकाना रिकामा राहिला तर उदाहरण बाद. नियमात न बसणारी दोन-चार उदाहरणं निघतातच. ती लपवू नका, त्यांच्यावर जास्त वेळ घाला. समोरच्याने तिथे ‘का गं, काय झालं?’ असं विचारलं असेल, तर नियम मोडला हे त्यालाही जाणवलं, म्हणजे नियम खरा आहे. कोणालाच काही वेगळं वाटलं नसेल, तर तुमचा नियमच चुकलाय.

‘बायका अशा बोलतात’, ‘पंचवटीतली जुनी मंडळी अशीच’, ही स्पष्टीकरणं शेवटपर्यंत दूर ठेवा. बोलणाऱ्याचं वय, जात, गाव तुम्हाला माहीत असतं म्हणून ते प्रत्येक ओळीला कारण असतं असं नाही. ‘तुम्ही मास्तर माणसं’ असं समोरच्याने बोलून दाखवलं, किंवा ‘तू’वरून ‘तुम्ही’वर गाडी आली, म्हणजे बोलणाऱ्यांनीच ते पुढे आणलं. तेव्हा त्याला हात घाला.

एकत्र बसून ऐकणं

एकट्याचे कान फसतात. आठवड्यातून एकदा तीन ते सहा जणांनी बसावं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, छापलेल्या उताऱ्याची प्रत्येकाला एक प्रत, एक बरा स्पीकर. आणणाऱ्याने आपलं मत आधी सांगायचं नाही. तुकडा सात-आठ वेळा वाजवा, मग दहा-पंधरा मिनिटं कोणीही न बोलता आपापलं लिहायचं. त्यानंतर पाळीपाळीने एकेकाने एकच निरीक्षण मांडायचं आणि ओळीचा क्रमांक दाखवायचा. ओळ दाखवता आली नाही तर ते निरीक्षण वहीत ठेवायचं.

अहिराणीचा किंवा कोकणीचा तुकडा असेल तर ती बोली बोलणारा एक तरी माणूस हवा, आणि हेल, सूर यांवरचा निवाडा त्याचा. बैठकीत उताऱ्याच्या चुका निघणारच. त्या तिथल्या तिथे मूळ फाइलमध्ये दुरुस्त करा, तारीख घालून नवी प्रत ठेवा आणि जुन्या छापील प्रती गोळा करून फाडून टाका. त्यांच्या समासात कोणीतरी खरं नाव लिहिलेलं असतं.